मंडळीच्या सभागृहातला वजनकाटा उचला

आदरणीय पाळकसाहेब, पंच मंडळी आणि तरुण संघाचे कार्यकर्ते यांस,

प्रभूमध्ये सलाम.

गेल्या रविवारी उपासना संपताना एक सूचना वाचली गेली. येत्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात, मंडळीने 'मंदिर शुद्धीकरण' नावाची मोहीम घ्यायचे ठरवले आहे. बारा वर्षांवरील प्रत्येकाने नाव नोंदवायचे, रोज एकवेळ जेवायचे आणि दर रविवारी सभागृहातल्या काट्यावर उभे राहून वजन द्यायचे. नावापुढे वजन लिहिलेला तक्ता भिंतीवर लागणार. ज्याचे वजन सर्वांत जास्त उतरेल त्याचा ईस्टरच्या उपासनेत सत्कार होणार. मोहिमेचे वचन म्हणून प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय निवडला आहे: तुमचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे. "आत्माही हलका, देहही हलका," असे सूचना वाचणारे म्हणाले आणि लोक हसले.

मी आधी येऊन भेटले. माझी हरकत सांगितली, विनंती केली. "तुम्ही फार मनाला लावून घेता" एवढेच उत्तर मिळाले. पाठोपाठ नावनोंदणी सुरू झाली आणि संडे स्कूलच्या मोठ्या मुलींनी सर्वांत आधी नावे दिली. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. ते आपल्याला उद्देशून असले तरी त्या मुलींच्या आईवडिलांनीही वाचावे अशी माझी इच्छा आहे.

मला हे का टोचते ते आधी सांगते, नाहीतर पुढचे सगळे एखाद्या तक्रारखोर बाईचे बोलणे वाटेल. लहानपणी मी दुसऱ्या एका मंडळीत होते. त्या वयात मी उपास धरू लागले. पहिले काही उपास खरेच प्रार्थनेचे होते. मग कपडे सैल झाले आणि लोक बोलू लागले: "चेहऱ्यावर तेज आले", "प्रभू हिला घडवतो आहे". मला साक्ष द्यायला पुढे उभे करण्यात आले. त्या काळात माझी पाळी थांबली होती, केस गळत होते, उन्हातही हातपाय गार पडायचे. यातले काही कोणी विचारले नाही, कारण आजार आणि भक्ती बाहेरून सारखेच दिसत होते आणि त्यातले एकच बघायची सर्वांना सवय होती. आतले चित्र वेगळे होते. डोळे मिटून गुडघ्यावर असताना मी सकाळपासून पोटात काय गेले याची बेरीज करत असे. प्रभुभोजनाच्या वेळी ताट माझ्यापर्यंत यायचे तेव्हा मला ख्रिस्ताचे मरण आठवत नसे. भाकरीचा तुकडा किती मोठा आहे, तो खाल्ल्यावर दुपारचे जेवण चुकवता येईल का, हे डोक्यात चालायचे. ज्या मेजावर तो स्वतःला देऊन टाकतो, तिथे बसून मी फक्त माझाच हिशेब करत होते. डॉक्टरांनी त्याला अनोरेक्सिया म्हटले, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने खाणे तोडत जाण्याचा मानसिक आजार. बरे व्हायला बरीच वर्षे गेली आणि त्यातली पहिली पायरी उपास सोडणे ही होती.

आता मोहिमेकडे येते.

पहिली हरकत वचनाच्या वापराबद्दल आहे. पौल ते वाक्य लिहितो तेव्हा त्याच्यासमोर करिंथातली व्यभिचाराची भानगड आहे. तिथले काही जण शरीर म्हणजे बाहेरची टरफले, त्याने काय वाटेल ते केले तरी चालते, असे मानत होते. पौल त्यांना सांगतो की शरीराला मोल आहे, ते मोल देऊन विकत घेतलेले आहे, त्याचा दुसऱ्याला आणि स्वतःला वापरून फेकण्यासाठी उपयोग करू नका. त्या अध्यायात कोणाच्या कंबरेचा विषय नाही. जे वचन शरीराची किंमत सांगण्यासाठी लिहिले गेले, ते आपण शरीराची लाज वाटावी म्हणून भिंतीवर लावतो आहोत. त्याच पत्रात पुढे बाराव्या अध्यायात तो म्हणतो की जे अवयव कमी मानाचे वाटतात त्यांनाच आपण अधिक मान देतो. सत्कार कोणाचा करायचा हे ठरवताना तो भाग कोणी उघडलेला दिसत नाही.

जाता जाता एक. नोंदणीच्या कागदावर 'दानीएलाप्रमाणे' असे छापले आहे. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय मी पुन्हा वाचला. राजाचे अन्न नाकारून भाजीपाला आणि पाणी घेतलेली ती चार मुले दहा दिवसांनी राजाचे अन्न खाणाऱ्यांपेक्षा अंगाने भरलेली दिसली, असे तिथे लिहिले आहे. आपल्या तक्त्यावर ते चौघेही नापास झाले असते.

दुसरी हरकत उपासाबद्दल आहे आणि ती मी उपासाच्या बाजूने घेते आहे. प्रभूने उपासाविषयी दिलेली सूचना अगदी व्यवहारी आहे: तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, कोणाला कळू देऊ नका. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातल्या या सूचनेनंतर दर आठवड्याला भिंतीवर तक्ता कसा लागू शकतो, हे मला समजलेले नाही. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव म्हणतो की मला आवडणारा उपास म्हणजे जुलमाच्या बेड्या तोडणे आणि आपली भाकर भुकेल्याबरोबर वाटून घेणे. त्या उपासात वाचलेले अन्न कोणाच्या तरी ताटात जाते. आपल्या मोहिमेत वाचलेल्या अन्नाचे काय करायचे यावर कागदात एक ओळसुद्धा नाही. सगळा कागद उतरलेल्या वजनाविषयी आहे.

आणि वजन करायचा दिवस रविवार! लेंटचे चाळीस दिवस मोजताना पाश्चात्त्य परंपरेतल्या मंडळ्या शतकानुशतके रविवार वगळत आल्या, कारण तो पुनरुत्थानाचा दिवस, आनंदाचा दिवस. चौथ्या शतकात गंग्रा इथे भरलेल्या धर्मसभेने तर वैराग्याच्या नावाखाली रविवारी उपास करणाऱ्यांचा निषेध केला आणि मांस खाणाऱ्यांना तुच्छ लेखणाऱ्यांचाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांना लेंटसाठी जो नियम घालून दिला त्यात असे आहे की कोणी जास्तीचे व्रत धरणार असेल तर आधी मठाधिपतीला सांगावे आणि त्याच्या संमतीने धरावे, नाहीतर ते फुशारकीत जमा. आजाऱ्यांना मात्र त्याने मांसही खायला दिले. म्हणजे माणसे स्वतःला उपाशी ठेवताना वाहवत जातात हे जुन्या लोकांना पक्के ठाऊक होते. कडक उपासांसाठी ओळखली जाणारी इटलीतली संत, सिएनाची कॅथरीन, १३८० मध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी वारली. तिच्या वरिष्ठांनी तिला खायला सांगूनही तिला ते जमेना. आपण तिची भक्ती सांगतो, तिच्या भोवतालच्या लोकांची काळजी सांगत नाही.

तिसरी गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. मोहिमेच्या प्रास्ताविकात लिहिले आहे की "स्वतःला नाकारल्याने निःस्वार्थ प्रीती वाढते". भूक आणि प्रीती यांची अशी जोडी लावण्याआधी एक खरी हकीकत ऐकावी.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी युरोपात लाखो माणसे उपासमारीने खंगलेली होती. त्यांना पुन्हा खायला कसे घालावे, किती, कोणत्या क्रमाने, हे डॉक्टरांना नीट माहीत नव्हते. म्हणून १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने एक प्रयोग सुरू केला. त्याला स्वतःहून उपाशी राहणारी निरोगी माणसे हवी होती. पुढे आले ते ३६ तरुण. हे सगळे विवेकाला स्मरून शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेले होते आणि त्यांतले बरेचसे क्वेकर, मेनोनाइट, ब्रेदरेन अशा शांततावादी ख्रिस्ती मंडळ्यांतले होते. रणांगणावर जाणार नाही, पण युद्धाने भुकेल्या केलेल्यांसाठी स्वतःचे शरीर देऊ, असा त्यांचा विचार. याहून निःस्वार्थ उपास मला तरी माहीत नाही.

चोवीस आठवडे त्यांना दिवसातून दोन वेळा मोजके जेवण मिळाले: बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी, साधारण दीड हजार कॅलरी. शिवाय आठवड्याला सुमारे पस्तीस किलोमीटर चालायचे. त्यांचे सुमारे एक चतुर्थांश वजन उतरले. आता मनाचे काय झाले पाहा. ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. पाककृतींची पुस्तके गोळा करून रात्री वाचत बसायचे. ताटे चाटून पुसायचे. एकमेकांवर चिडायचे, मग एकमेकांना टाळायचे. हसणे बंद झाले. वाचन, वादविवाद, मैत्रीतला रस आटला. एकाने तर कुऱ्हाडीने स्वतःच्या हाताची बोटे तोडली आणि ते मुद्दाम केले की चुकून झाले हे त्याला स्वतःलाच नंतर सांगता येईना. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावरही काहींचे मन कित्येक महिने ताळ्यावर आले नाही. काहींना भरू लागलेले आपलेच शरीर बेढब वाटू लागले.

ते दुबळ्या विश्वासाचे नव्हते. प्रीतीपोटीच तिथे आले होते. तरी भुकेने त्यांची दुनिया आकसून ताटाएवढी झाली. त्यांची प्रीती होती ती आधीची, पोट भरलेले असताना घेतलेल्या निर्णयातली. भुकेने तिच्यात काही भर घातली नाही. मी स्वतः त्याच आकसलेल्या जागेत राहून आले आहे. त्या वर्षांत मी आजारी शेजाऱ्याकडे गेले नाही, कारण तिथे काही खायला देतील. घरच्यांच्या वाढदिवसाला बसले नाही. ज्या काळात लोक मला त्यागाचे उदाहरण म्हणून दाखवत होते, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत आत्मकेंद्रित काळ होता. पौलाने प्रीतीच्या अध्यायात हेच किती रोखठोक लिहिले आहे: मी माझे शरीर जाळायला दिले आणि प्रीती नसली, तर मला काहीच लाभ नाही. शरीर दिले म्हणजे प्रीती आलीच, असे तो धरून चालत नाही. आणि इथे तर आपण शरीर कोणासाठी देतो आहोत हेही सांगता येत नाही. ईस्टरच्या दिवशी टाळ्या मिळाव्यात म्हणून?

धोक्याचे सांगते ते थोडक्यात, कारण ते डॉक्टरांनी सांगायचे काम आहे आणि आपण एकाही डॉक्टरला विचारलेले नाही. मधुमेहाच्या इन्सुलिनवर किंवा काही गोळ्यांवर असलेल्या माणसाने जेवण टाळले तर साखर एकदम उतरून तो बेशुद्ध पडू शकतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, क्षयाची किंवा फिटची औषधे घेणारे, वाढत्या वयाची मुले, यांच्याबद्दल कागदात चकार शब्द नाही. अनोरेक्सिया हा मानसिक आजारांमधला सर्वांत जीवघेण्या आजारांपैकी एक आहे. तो हृदयाची गती मंदावून, शरीरातले क्षार बिघडवून मारतो किंवा माणूस आत्महत्या करतो. तो अंगाने भरलेल्या माणसालाही होतो आणि अशा माणसाचे तर हमखास कौतुकच होते. मुलग्यांनाही होतो. बऱ्याचदा त्याची सुरुवात साध्या 'डाएट'ने होते आणि सर्वांत जास्त धोका कुमारवयात असतो. बरोबर त्याच वयापासून आपण नावे घेतो आहोत. कॅथलिक मंडळीच्या १९८३ च्या कायद्यात उपासाचे बंधन अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांनाच आहे आणि साठाव्या वर्षात पदार्पण केले की तेही सुटते. आपण त्या परंपरेतले नसलो तरी एवढा विचार आपल्यालाही झेपला असता.

बारा वर्षे हे वय वाचून मला शुभवर्तमानातली याइराची मुलगी आठवली. तीही बारा वर्षांची. प्रभूने तिला मेलेल्यांतून उठवले, भोवतालचे थक्क होऊन पाहत राहिले आणि त्याने काय सांगितले? हिला काहीतरी खायला द्या.

कागदावर 'बीएमआय', म्हणजे वजन आणि उंची यांवरून काढायचा आकडा, असा रकानाही आहे. हे सूत्र १८३० च्या दशकात केटले नावाच्या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ-संख्याशास्त्रज्ञाने लोकसमूहांची सरासरी मांडताना काढले. त्याला आजचे नाव १९७२ मध्ये दिले ते वर सांगितलेल्या कीजनेच, आणि तेही समूहांच्या अभ्यासासाठी. डॉक्टर ते इतर तपासण्यांच्या जोडीने वापरतात. तरुण संघाच्या कार्यकर्त्याने ते कशाच्या जोडीने वापरायचे?

आता आपला मुद्दा. लठ्ठपणाने रक्तदाब वाढतो, मधुमेह होतो, गुडघे जातात, हे आपण मला भेटीत सांगितले. मान्य. त्यासाठी कोणाला डॉक्टरकडे जायचे असेल तर मी सोबत जाईन. मंडळीला आरोग्याची काळजी घ्यायची असेल तर ती खुशाल घ्यावी: तपासणी शिबिर घ्या, एकत्र चालायला जा, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना नीट जेवण पोहोचवा. पण वजनाला पापाचे माप करू नका. शरीर जाड होण्यामागे अनुवंश असतो, थायरॉईड असते, स्टेरॉईडची औषधे असतात, बाळंतपणे असतात, झोप नसते, गरिबी असते, दुःख असते. बारीक माणूस संयमी आणि जाड माणूस खादाड, ही समजूत पवित्र शास्त्रातून आलेली नाही. दाविदाचा थोरला भाऊ एलियाब याचा देह आणि उंची पाहून शमुवेल संदेष्ट्यालाही वाटले होते की हाच तो देवाने राजा म्हणून निवडलेला अभिषिक्त. देवाने शमुवेलाला तिथल्या तिथे गप्प केले.

मोहीम ही एका दिवसात जन्मलेली नाही हेही मला माहीत आहे. ती आपल्या बोलण्यातून आली. गायनवृंदात पुढच्या ओळीत कोण उभे राहील हे आवाजावरून ठरत नाही. मंचावर नेण्यासाठी मुली निवडताना कोणते शब्द वापरले जातात ते मी मागच्या खोलीत ऐकले आहे. नुकतीच बाळंत झालेली बाई मंडळीत परतली की बाळाच्या आधी तिच्या पोटाबद्दल बोलणारे आपल्यातच आहेत. हडकुळ्या मुलाला "व्यायाम कर, पुरुषासारखा दिस" असा उपदेश होतो. केमोथेरपीने खंगलेल्या एका बहिणीला कोणीतरी "छान बारीक झालीस" म्हटले आणि ती पुढचे कित्येक रविवार आली नाही. या सगळ्याला आता वचनाची मोहर मिळाली, एवढाच बदल.

आपण ज्याची उपासना करतो त्याच्या शरीराविषयी शुभवर्तमानांत थोडेच सांगितले आहे. तो उंच होता की ठेंगणा, कोणी लिहून ठेवले नाही. यशया म्हणतो की त्याच्याकडे पाहून आवडावा असे रूप त्याला नव्हते. त्याच्या विरोधकांनी त्याला खादाड म्हटले, कारण तो कोणाच्याही घरी, कोणाहीबरोबर जेवायला बसत असे. त्याने चाळीस दिवस उपास केला, तो कोणी पाहिला नाही. आणि पुनरुत्थानानंतर, जेव्हा शरीर कसेही घडवता आले असते, तेव्हा त्याने जखमा तशाच ठेवल्या. थोमाला त्याने त्या दाखवल्या, त्यात बोट घाल म्हणाला. मग एका पहाटे तळ्याकाठी विस्तव पेटवून मासे भाजले आणि रात्रभर राबून थकलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावले. निःस्वार्थ प्रीती शिकवायची असेल तर लेंटमध्ये हे शिकवा. त्याने आपले शरीर दिले ते खाऊ घालण्यासाठी.

माझ्या मागण्या अशा.

वजनाची नोंदणी, तक्ता आणि सत्कार हे तिन्ही रद्द करावेत आणि तसे येत्या रविवारी उपासनेतच जाहीर करावे. सूचना ज्या व्यासपीठावरून दिली, तिथूनच ती मागे घ्यावी. आतापर्यंत घेतलेल्या वजनांचे कागद नष्ट करावेत.

अठरा वर्षांखालील कोणालाही मंडळीने उपास सुचवू नये. मोठ्यांपैकी ज्यांना उपास करायचा आहे त्यांनी तो आपल्या प्रकृतीचा विचार करून, गरज असेल तर डॉक्टरला विचारून, गुपचूप करावा. जे करणार नाहीत त्यांना कोणी कारण विचारू नये. उपासातून वाचलेले पैसे भुकेल्यांसाठी जावेत आणि त्या रकमेवर देणाऱ्याचे नाव नसावे.

गायनवृंद आणि मंचावरील सेवा यांसाठी निवड कशी होते ते लेखी ठरवावे. दिसणे हा त्यातला निकष नसावा.

पाळकसाहेब, पंच आणि संडे स्कूलचे शिक्षक यांच्यासाठी खाण्याच्या आजारांची ओळख करून देणारे एक सत्र एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडून घ्यावे. एखादे मूल सतत उपास धरत असेल, जेवणाच्या वेळी गायब होत असेल, तर त्याला साक्ष द्यायला उभे करण्याऐवजी त्याच्या आईवडिलांशी कोणी बोलायचे, हे नेमून द्यावे.

आणि ज्या मुलींनी नावे दिली आहेत त्यांना पाळकसाहेबांनी स्वतः भेटून सांगावे की त्यांच्या शरीरात शुद्ध करण्यासारखे काही नव्हते. हे पत्राने किंवा सूचनेने होणार नाही.

मी मंडळी सोडून जाणार नाही, कोणाविरुद्ध वर तक्रारही केलेली नाही. पंचांच्या पुढच्या बैठकीत मला बोलू द्यावे. माझे उपचार करणाऱ्या डॉक्टर यायला तयार आहेत. तोपर्यंत ज्या पालकांना आपल्या मुलांची नावे मागे घ्यायची आहेत त्यांनी मला भेटावे, मी त्यांच्याबरोबर कार्यालयात येईन. उत्तर मला एकटीला नको, सर्वांना वाचता येईल असे सूचनाफलकावर लावावे.

प्रभूमध्ये आपली,
मंडळीची एक सभासद